खऱ्याची खुर्ची

दीपमालानं माझ्या छातीभोवती रबरी नळी गुंडाळली, मागं साखळी अडकवली आणि शेवटी एक हलका हिसका दिला, तेव्हा मला हसू आलं. परकराची नाडी आई अशीच बांधायची. आधी सैल सैल, इकडचंतिकडचं बोलत, आणि मग आपण बेसावध असताना एक हिसका. आज मी शहरातल्या सदर भागात, एका इमारतीत, पडद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसले होते. अंगाला मात्र शाळेची वेळ झाल्यासारखं वाटत होतं. "काकू, घट्ट तं नाही होऊन राहिलं?" दीपमालानं विचारलं. ती इथली मदतनीस. बायकांना नळ्या बांधायला बाईच लागते, म्हणून बिचारी रविवारची सुट्टी सोडून आली होती. मी नाही म्हटलं. मग तिनं दुसरी नळी पोटावर बांधली, दंडाला डॉक्टरांकडे असतो तसा पट्टा, आणि दोन बोटांना चिमुकल्या पट्ट्या. एका बोटातली अंगठी काढा म्हणाली. ती लग्नातली, केव्हाची निघत नाही. साबण आणू का, असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरं बोट धरलं. हे सगळं होईपर्यंत मोहित खिडकीकडे तोंड करून उभा होता, खाली रस्त्यावर फार महत्त्वाचं काही चाललं असल्यासारखा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "झालं सर, फिरा आता," दीपमाला म्हणाली, आणि माझ्या कानाशी वाकून पुटपुटली, "सरचेच हात थरथरून राहिले पहा. खरं तं त्याइलेच बसवाले पाहिजे."

मोहितचे हात थरथरत होते कारण तो माझ्या मुलीशी लग्न करू पाहत होता. वैदेहीनं हे मला महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सांगितलं. मी आघाडा निवडत बसले होते, ती बाजूला येऊन बसली आणि एकेक पान उगाच पुसू लागली. ही मुलगी कामाला हात लावते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं. मैत्रिणीचा भाऊ, मयुराचा. राहणारे कन्हानचे. वडील कवडूजी कोळशाच्या खाणीत होते, आता घरी असतात, भाजी लावतात. बाकी ज्या गोष्टींवरून घरोघरी भांडणं होतात त्यांच्यावर ह्यांनी आणि मी एका संध्याकाळीच पाणी सोडलं. देवानं माणसं घडवली, पोटजाती काही त्यानं घडवल्या नाहीत. पण मुलगा करतो काय, असं विचारल्यावर वैदेही म्हणाली, "लोक खरं बोलून राहिले का ते पाहतो," आणि माझ्या हातातला आघाडा तसाच राहिला. कंपन्या त्याच्याकडे माणसं पाठवतात. माणूस राजी असेल तर तो त्यांना खुर्चीत बसवतो, नळ्या बांधतो, प्रश्न विचारतो, आणि पडद्यावर रेषा पाहतो. दिवसभर हेच. म्हणजे असा माणूस संध्याकाळी घरी येईल, आणि माझी मुलगी म्हणेल, डोकं दुखून राहिलं. तो तिच्या कपाळावर हात ठेवेल, की नाडीवर? पोळी करपली तर ती मोकळेपणानं सांगेल, की आधी श्वास सावरेल? रात्री देवघरात समई मालवताना मला हेच दिसायचं: वैदेही स्वयंपाकघरात, आणि दारात उभा एक माणूस, तिच्याकडे नाही, तिच्या गळ्याखालच्या शिरेकडे बघणारा.

दसऱ्याला कवडूजी उत्तरासाठी येणार होते. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. वैदेही म्हणाली, "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. पण हो म्हणजे हो. देवाची इच्छा चालणार नाही." हे तिनं अगदी बरोबर जागी बोट ठेवून म्हटलं. चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. सासूबाईंनी घालून दिला, आणि मग चातुर्मास संपला तरी तो जिभेवरून उतरेना. पण संसारात राहून खरं बोलायचं म्हणजे केवढी अडचण असते. शेजारच्या गोपिकाताई पुरण आणून देतात, त्यात जायफळ इतकं की जीभ बधिर व्हावी, आणि दारातच उभं राहून विचारतात, कसं झालं. मी म्हणते, "देवाला फार आवडेल." आणि खरंच, देवाला काय आवडणार नाही? त्या खूश, माझा नेम शाबूत. अशी मला पुष्कळ वाक्यं सापडत गेली. घरात बापलेकींनी त्यांचा अर्थ लावून ठेवला आहे. आई बरं म्हणाली म्हणजे नाही. पाहू म्हणाली म्हणजे कधीच नाही. आणि देवाची इच्छा म्हणाली म्हणजे विषय संपला, आता चहा टाका. एकदा नवी सोफा-खुर्ची घ्यायची ठरत होती, मी देवाची इच्छा म्हटलं, तर दुकानदारासमोरच हे मान खाली घालून उठले. "चला," म्हणाले, "बाईनं निकाल दिला." दुकानदार बिचारा माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या मते मी होकार दिला होता.

मग एक दिवस मोहित मनीषनगरला आमच्याकडे चहाला आला. साधा मुलगा. चप्पल काढताना दुसऱ्यांच्या चपलाही सरळ केल्या. मी पोहे दिले, त्यानं खाल्ले, मी विचारलं नाही कसे झाले, त्यानं सांगितलं नाही. मी म्हटलं, "मला बसव तुझ्या खुर्चीत." ह्यांचा चहा बशीत सांडला. मोहित म्हणाला, "काकू, मी घरच्यांना नाही बसवत. आमच्या कामात ते बसतच नाही. ओळखीच्या माणसाची रेषा नीट वाचता येत नाही, आपल्याले जे पाहिजे तेच दिसते." मी म्हटलं, "मी अजून तुझ्या घरची कुठं आहे?" यावर त्यानं बशीतल्या लिंबाच्या फोडीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हे तुमचं खरं आहे. नाही झाल्या अजून. पण एकदा झाल्या, का मग नाही बसवणार." मला तो आवडला का तेव्हा? कोण जाणे. मला एवढंच वाटलं की माणूस ओळखायचा तर त्याच्या हाती काहीतरी द्यावं आणि तो ते कसं धरतो ते पाहावं. पूजेतली समई कोण कशी उचलतं, यावरून मी सुना ओळखल्या आहेत लोकांच्या. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं? मीच होते.

तर मी बसले होते. समोर भिंतीवर महाराजांची तसबीर होती, नामाचा जप शिकवणाऱ्या, आमच्या देवघरात आहेत त्याच. पडदा माझ्यापासून फिरवून ठेवलेला, पण तसबिरीच्या काचेत त्याचा उजेड पडत होता. महाराजांच्या छातीवरून माझ्या रेषा सरकत होत्या, निळ्या, हिरव्या, एकीखाली एक. मला ते इतकं गोड वाटलं की मी कोणाला सांगितलं नाही. "काकू, श्वास नेहमीसारखा घ्या," मोहित म्हणाला. मी म्हटलं, हाच नेहमीचा. तो पडद्याजवळ सरकला. "इतका सारखा कोणाचा नसते. जे लोक मशीनले फसवाले शिकून येतात ना, त्याइचा असते." माझा श्वास नामावर चालतो, कित्येक वर्षं झाली. आत घेताना एक, सोडताना एक. झोपेतही चालतो असं हे सांगतात. घोरण्याला ते जप म्हणतात की जपाला घोरणं, मी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "मग शिकून आलेली आहे असं धर." "कोणाकडून?" मी तसबिरीकडे पाहिलं. दीपमाला फस्सकन हसली, आणि पहिल्यांदाच मोहितही हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसला, आणि मला वाटलं, हा दात नातवंडांत येईल. असलं काही मनात यावं अशी ती जागा नव्हती.

सुरू करण्याआधी मी त्याला विचारून घेतलं. म्हटलं, यातून माणूस कसा आहे ते कळतं? तो नाही म्हणाला, आणि तेही लगेच. "मले फक्त इतकं दिसते का ह्या प्रश्नाले आतमधे काहीतरी हललं. काय हललं ते नाही दिसत. भीती, राग, लाज, कोणाची याद, सगळ्याइची रेषा सारखीच उठते." मग त्यानं सांगितलं. एकदा एक माणूस येऊन बसला. रेषा तळ्यासारखी. छान गप्पा मारल्या, चहा घेतला, आणि नंतर कळलं की कंपनीतली चोरी त्यानंच केली होती. आणि त्याच प्रकरणातली एक बाई, तिची रेषा नुसती उडत होती. मोहितचे साहेब म्हणाले, हीच. मोहितनं नळ्या सोडल्या आणि तिला विचारलं, बाई, काय झालं? तर तिचं लेकरू घरी तापानं फणफणलं होतं, आणि तिला सुट्टी मिळाली नव्हती. "मग तू काय म्हणालास साहेबाला?" "सांगता येत नाही, असं म्हणालो. साहेब म्हणे, लोक हे ऐकाले येते काय आपल्याकडं?" तो बोटांना लावायची पट्टी उगाच उलटसुलट करत होता. सांगता येत नाही. मला वाटलं, हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे, माझ्या 'देवाची इच्छा'च्या बिऱ्हाडातलं. पण शेजारी ठेवून पाहिलं तर तसं नव्हतं. माझं वाक्य मी पदरासारखं पुढं ओढते, चेहरा दिसू नये म्हणून. त्याचं उघडं होतं. त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्यानं तसंच सांगितलं, साहेबाच्या तोंडावर.

प्रश्न आधी सांगून ठेवतात, अचानक विचारत नाहीत. उत्तर फक्त हो किंवा नाही. मी म्हटलं, मधलं काही? "मधलं काही नाही, काकू." शेवटचा प्रश्न माझा होता, मीच त्याला विचारायला सांगितला होता. तो म्हणाला, "हा राहू द्या. याचं उत्तर मशीनसमोर नको." मी म्हटलं, "त्यासाठीच मी आले." त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. बाहेर वैदेही साबुदाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती; संपल्यावर मी काही खाईन म्हणून आणलेला. काचेच्या दारातून तिच्या ओढणीचा पिवळा तुकडा दिसत होता, तेवढाच. पट्टा फुगू लागला. दंडावर हळूहळू कोणीतरी हात आवळावा तसा. "हलू नका. डोळे समोर." मी महाराजांकडे पाहिलं. "तुमचं नाव प्रेमलता आहे का?"

काय झालं ते सांगता यायचं नाही. मी आई आहे, काकू आहे, मामी आहे, भजनी मंडळात ताई आहे. हे मला 'ऐकून राहिली का' असं म्हणतात, आणि मी ऐकतेच, त्यामुळं पुढं नाव लागत नाही. प्रेमलता मतदानाच्या दिवशी कोणीतरी वाचतं, चष्म्यावरून बघत. आणि आता एक तरुण मुलगा सदरच्या त्या थंड खोलीत, अगदी हळू, जपून, काचेचं भांडं ठेवावं तसं माझं नाव म्हणाला, आणि आजोळची पडवी, वेणीतला अबोलीचा वास, परसातून आईची हाक, सगळं एकदम छातीशी आलं. "हो," मी म्हटलं. महाराजांच्या छातीवर हिरवी रेषा ताडकन उठली. दीपमालाच्या भुवया वर गेल्या. स्वतःच्या नावाला मी खोटी ठरले होते. मला इतकं हसू येत होतं की दुसरी रेषाही वेडीवाकडी झाली असणार. मोहित थांबला, रेषा खाली येईपर्यंत. "आज रविवार आहे का?" हो. "तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला का?" मी म्हटलं, "चातुर्मासात की एरवी?" "काकू, हो किंवा नाही." हो, मी म्हटलं, आणि गंमत म्हणजे रेषा हललीसुद्धा नाही. तळ्यासारखी.

मग तो थांबला. त्यानं टेबलावरचा प्रश्नांचा कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. त्याला नळी बांधायला हवी होती, दीपमालाचं खरं होतं. "वैदेहीनं मोहितशी लग्न करावं, असं तुम्हाले वाटते का?" स्वतःचं नाव त्यानं परक्याचं घ्यावं तसं घेतलं, आणि नजर पडद्यावर ठेवली नाही, टेबलावर ठेवली. मी पाहिलं ते. वाचायच्या वेळी त्यानं डोळे खाली घातले. मला वाटलं होतं की या क्षणी माझ्या आत वाद होईल, एक मन हे म्हणेल, दुसरं ते. काही झालं नाही. आत फक्त पाणी होतं. कन्हान नदीचं. लहानपणी संक्रांतीच्या पहाटे सुमतीमावशी मला नदीवर न्यायची. पाणी इतकं गार असायचं की पायाला लागलं की ते पायच आपले नाहीत असं वाटायचं. मावशी माझा हात धरून पुढं, गुडघाभर, कमरेभर, आणि म्हणायची, "भेव वाटून राहिलं का वं?" दात वाजत असायचे, काळीज बाहेर येईल असं उडत असायचं, आणि मी नाही नाही म्हणत असायचे, आणि ते खरं असायचं. मग मावशी हात सोडायची. पाणी छातीवर आलं की श्वास थांबायचा, आणि त्या थांबलेल्या श्वासात सूर्य, पलीकडचा पूल, वाळूवर वाळत टाकलेले बायकांचे रंगीत धडपे, सगळं एकदम माझं व्हायचं. त्या नदीच्या काठच्या घरातून एक मुलगा आला होता आणि मला हो किंवा नाही विचारत होता. मावशीचा हात सुटला. "हो," मी म्हटलं.

रेषा उठली. नावाला उठली होती ते काहीच नव्हे. ती महाराजांच्या छातीवरून निघाली ती पार पगडीपर्यंत गेली, नाहीशी झाली आणि दुसऱ्या टोकाला खाली आली. माझा नामाचा श्वास, जो झोपेतही चुकत नाही, तो चुकला. दीपमालानं तोंडावर हात ठेवला. मोहितनं पडद्याकडे पाहिलं, एकदाच. मग उठून पट्ट्याची हवा सोडली. ती सुस्कारा टाकल्यासारखी निघाली. तो माझ्या बोटांवरच्या पट्ट्या काढू लागला, हळूहळू, दुखू नये अशा बेतानं. चेहरा पांढरा पडला होता, पण हात आता थरथरत नव्हते.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"हललं."

"खोटं बोलले मी?"

तो थांबला. त्याला हो म्हणता आलं असतं, आणि दुखावून घेता आलं असतं. हसून नाही काकू म्हणता आलं असतं, आणि माझी मुलगी घेऊन जाता आलं असतं. दोन्ही दारं उघडी होती आणि मी बसल्या जागेवरून पाहत होते. "सांगता येत नाही," मोहित म्हणाला. "मशीनले नाही माहीत. मलेही नाही. तुम्हीच सांगा, तुम्हाले सांगावं वाटलं तं." आणि तो समोरच्या स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, थांबला. घाई नाही, पडदा नाही, नाडीकडे डोळा नाही. माझ्या तोंडाकडे पाहत होता, गाणं कधी सुरू होतं याची वाट पाहावी तसा. मला स्वयंपाकघरातली वैदेही दिसली, करपलेली पोळी हातात, आणि दारात हा, असाच थांबलेला.

"आनंद झाला मला," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीपेक्षा मोठा होता. माझ्याच कानाला परका लागला. "खूप झाला. एवढा सवयीचा नाही, म्हणून उडी मारली तुझ्या रेषेनं. नावाला मारली तीसुद्धा आनंदाचीच. आता परत विचार. परत बांध पट्टा, मला पाहायचंय."

मोहित उठला. माझ्या पोटावरची नळी सोडायला त्यानं दीपमालाला खूण केली आणि स्वतः यंत्राची वायर गुंडाळू लागला, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, बायका लोकर गुंडाळतात तशी. "नाही काकू," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं तुम्हाले. घरच्यांना नाही बसवत."

दीपमाला नाकानं सुंसुं करत साखळी काढत होती. "मी काहून रडून राहिली?" ती स्वतःलाच म्हणाली. छातीवरची नळी सुटली, आणि श्वास एकदम खोलवर गेला, थेट जुन्या जागी, आणि नाम त्याला आपोआप येऊन मिळालं. दंडावर पट्ट्याची लाल जाळी उमटली होती. मी पदर सारखा केला. तेवढ्यात काचेचं दार ढकलून वैदेही आत आली, डबा पोटाशी धरलेला, ओढणी एका खांद्यावरून सुटलेली. तिनं मोहितकडे पाहिलं, तर तो पाठमोरा, वायरीत गुंतलेला. दीपमालाकडे पाहिलं, तर तिचे डोळे लाल. मग माझ्याकडे.

"आई, काय झालं?"

जिभेला वळण पडलेलं असतं, ती ऐकत नाही. "देवाची इच्छा," मी म्हणाले.

वैदेहीच्या हातातला डबा हळूच टेबलावर टेकला. तिचे ओठ मिटले, आणि तिनं मान खाली घातली, सोफ्याच्या दुकानात ह्यांनी घातली होती तशीच, निकाल लागल्यासारखी.

"अगं, पूर्ण तर ऐक," मी म्हटलं. "आणि माझी."